जुन्या प्रयोगांतले आकडे कितपत खरे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गॅलिलिओकडे सेकंद दाखवणारे घड्याळ नव्हते, बॉईलचा पंप गळत होता, जूलकडे काचेच्या नळीतल्या पाऱ्याचा तापमापक होता, तरीही या मंडळींच्या नोंदींत आजच्या मूल्यांपासून एखाद्या टक्क्याच्या अंतरावरचे आकडे येतात कसे? हे आकडे नियमाला जुळतील असे मागाहून बसवलेले तर नाहीत? आणि विद्यार्थ्यांकडून यातले काही प्रयोग आज पुन्हा करवून घ्यायचे असतील, तर सुरुवात कुठून करावी आणि प्रयोगशाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेली पितळी उपकरणे त्यासाठी बाहेर काढावीत का?

गेली वीसेक वर्षे मी जुन्या भौतिकी उपकरणांची डागडुजी करतो आणि त्यांच्या चालत्या प्रतिकृती बनवतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकांपेक्षा फसलेल्या प्रयोगांतून अधिक सापडले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक आकडे प्रामाणिक आहेत, आणि त्यांतला अचूकपणा पितळ-काचेच्या कारागिरीतून जितका आला, त्यापेक्षा जास्त दोन सवयींतून आला: साधनाला झेपेल असाच प्रश्न विचारायचा, आणि चूक कुठून शिरते याचा हिशेब आकड्याइतक्याच काळजीने ठेवायचा. पुढचे सारे विवेचन या दोन सवयींचेच आहे.

गॅलिलिओपासून सुरुवात करतो, कारण शंकाही त्याच्यापासूनच सुरू झाल्या. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने वर्णन दिले आहे: बारा हात लांबीची लाकडी तुळई, तिच्या कडेवर बोटभर रुंदीची सरळ खाच, खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्राचे अस्तर, आणि त्यातून घरंगळणारा काशाचा घोटीव गोळा. वेळ मोजण्यासाठी पाण्याने भरलेले मोठे भांडे उंचावर टांगले होते; त्याच्या तळाच्या बारीक नळीतून गोळा घरंगळत असेपर्यंत पडलेले पाणी पेल्यात धरायचे आणि ते तराजूत तोलायचे. वेगवेगळ्या प्रयत्नांतला फरक नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही नव्हता, असे तो लिहितो. विसाव्या शतकाच्या मध्यास विज्ञानेतिहासकार अलेक्झांद्र कोयरे यांनी या वर्णनाची जवळजवळ टवाळी केली आणि इतक्या ढोबळ साधनांनी असा निकाल निघणे अशक्य आहे, असे ठरवून टाकले. १९६१ साली थॉमस सेटल यांनी त्याच पद्धतीने उतार, खाच आणि पाण्याचे घड्याळ उभे केले आणि गॅलिलिओचा दावा अजिबात अतिशयोक्त नाही, हे दाखवून दिले.

हे कसे जमते, ते स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. नळीतून दर सेकंदाला समजा वीस ग्रॅम पाणी पडत असेल आणि तराजू एक ग्रॅम सहज दाखवत असेल, तर आपण सेकंदाचा विसावा भाग तोलत असतो. वेळ पाहणे अवघड होते, वजन करणे सोपे होते. कारण सोनार आणि औषधविक्रेते यांच्यामुळे तराजू हे त्या काळातले सर्वांत प्रगत मोजमापाचे साधन होते. अवघड राशी सोप्या राशीत बदलून घेण्याची ही युक्ती जुन्या प्रयोगांत पदोपदी भेटते. नळीच्या तोंडावरचे बोट उचलायला आणि परत ठेवायला होणारा उशीरही दोन्ही टोकांना साधारण सारखाच असल्याने बराचसा आपोआप वजा होतो. नवख्या माणसाचे पहिले दहा-पंधरा प्रयत्न विखुरलेले येतात. मग गोळ्याचा आवाज कानात बसतो, बोट त्या लयीत पडू लागते आणि आकडे एकाएकी जवळ येतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गॅलिलिओ गुणोत्तर मोजत होता. चौथाई अंतराला निम्मा वेळ लागतो का, एवढाच त्याचा प्रश्न होता. घरंगळणाऱ्या गोळ्याची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते, त्यामुळे त्याचा त्वरण घर्षणहीन घसरणाऱ्या वस्तूपेक्षा कमी असतो. भरीव गोळा सपाट उतारावरून घरंगळला तर पाच-सप्तमांश, आणि खाचेच्या कडांवर टेकून घरंगळला तर त्याहूनही कमी. गॅलिलिओला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्याने या प्रयोगातून गुरुत्वीय त्वरणाची संख्या काढली असती तर ती सपशेल चुकली असती. पण गुणोत्तरात हा गुणक वर-खाली दोन्हीकडे येतो आणि कटतो. नळीचे भोक किती मोठे, पाणी किती वेगाने पडते, उताराचा कोन नेमका किती, हे सारेही तसेच कटते. साधनाला झेपेल असा प्रश्न म्हणतो तो असा.

बॉईलचेही तेच. १६५९ च्या सुमारास रॉबर्ट हूकने त्याच्यासाठी जो पंप बनवला, त्यात सुमारे अठ्ठावीस लिटरचे काचेचे भांडे वर, त्याखाली पितळी नळकांडे, चामड्याचे वेष्टण असलेला दट्ट्या, आणि तो दातेरी पट्टीने वर-खाली करणारा हाताचा दांडा अशी मांडणी होती. तो गळत होता, आणि बॉईलने ते लपवलेले नाही. १६६० च्या ग्रंथात त्याने त्रेचाळीस प्रयोग वर्णिले; त्यांतल्या एकात पाऱ्याचा वायुभारमापक त्या भांड्याच्या आत ठेवून हवा काढली, तेव्हा नळीतला पारा खाली खाली गेला, पण बाहेरच्या पाऱ्याच्या पातळीपर्यंत पूर्णपणे उतरला नाही. राहिलेली हवा त्या नळीनेच मोजून दाखवली. गळती थांबवण्यासाठी नळकांड्यात खाण्याचे तेल ओतल्याचा उल्लेख आहे, आणि तो वाचून मला नेहमी बरे वाटते, कारण आमच्या प्रतिकृतीची पहिली चामडी चकती मी कोरडीच बसवली होती आणि आठवडाभर सांधे घट्ट करत बसलो होतो. चामडे तेलात मुरल्याशिवाय हवा धरत नाही, एवढीच गोष्ट होती.

दाब दुप्पट केला की कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे होते, हा त्याचा नियम मात्र पंपातून आला नाही; तो १६६२ साली छापलेल्या, इंग्रजी जे अक्षरासारख्या वाकवलेल्या नळीच्या प्रयोगातून आला. आखूड भुजेचे टोक बंद, लांब भुजा उघडी. उघड्या भुजेतून पारा ओतत जायचा आणि बंद भुजेत कोंडलेली हवा किती आक्रसते ते पाव इंचांत वाचायचे. ही लांब नळी एकदा फुटलीही, म्हणून पुढे ती लाकडी पेटीत उभी केली, म्हणजे सांडलेला पारा वाया जाऊ नये. त्याचा तक्ता आजही वाचण्यासारखा आहे. हवा ४८ भाग असताना दाब पाऱ्याच्या २९ पूर्णांक २/१६ इंचांचा. ती २४ भागांवर आली तेव्हा ५८ पूर्णांक १३/१६. आणि १२ भागांवर ११७ पूर्णांक ९/१६. नियम तंतोतंत खरा असता तर शेवटचा आकडा साडे एकशे सोळा यायला हवा होता. बॉईलने आपल्या तक्त्यात निरीक्षणाच्या शेजारी 'गृहीतकाप्रमाणे दाब किती असायला हवा' असा वेगळा रकाना छापला आहे, म्हणजे इंचभराची ही तफावत त्याने स्वतःहून वाचकासमोर ठेवली आहे. आकडे बसवणाऱ्या माणसाला हा रकाना परवडला नसता.

आता जिथे शंकेला थोडी जागा आहे अशा प्रयोगाकडे येतो. १७८५ साली कूलॉमने पिळाच्या तराजूने विद्युतभारांमधील प्रतिकर्षण मोजले. बारीक तारेला आडवी काडी टांगलेली, काडीच्या टोकाला भेंडाची गोळी, तिच्यासमोर तशीच दुसरी स्थिर गोळी; दोन्हींना सारखाच भार दिला की टांगलेली गोळी दूर सरकते, आणि तारेला वरून उलटा पीळ देऊन तिला परत जवळ आणायची. पीळ जितका जास्त तितके बल जास्त. कूलॉमने प्रसिद्ध केलेल्या नोंदी फक्त तीन आहेत: गोळ्यांमधील कोन ३६ अंश असताना तारेचा एकूण पीळ ३६ अंश, कोन १८ असताना १४४, आणि कोन साडेआठ असताना ५७५.५. पहिल्या दोन नोंदी व्यस्त वर्गाच्या नियमाला, म्हणजे अंतर निम्मे झाले की बल चौपट होते या नियमाला, डोळे मिटून बसतात. तिसरीकडे जरा बारकाईने पाहा. कोन नऊ अंश असता तर नियमाप्रमाणे पीळ ५७६ यायला हवा होता, आणि कूलॉमचा आकडा त्याला चिकटून आहे. पण त्याने कोन साडेआठ नोंदवला आहे, आणि साडेआठला नियमाप्रमाणे जवळपास ६४६ हवेत. म्हणजे आकडे सुंदर दिसतात, पण त्यांतला एक किंचित बाजूला सरकलेला आहे आणि तो सरकलेलाच छापला आहे. बनवलेल्या नोंदीत ही साडेआठची अडचण कुणी कशाला ठेवील?

तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस पीटर हीअरिंग यांनी कूलॉमच्या वर्णनाबरहुकूम तराजू बनवून प्रयोग केला, तेव्हा त्यांना व्यस्त वर्गाचा नियम मिळेना. प्रयोग करणाऱ्या माणसाच्या अंगावरचा विद्युतभारच टांगलेल्या गोळीला ढकलत असावा, असा त्यांना संशय आला. तराजूभोवती धातूच्या जाळीचा पिंजरा उभा केल्यावर निकाल सुधारले. पुढे २००६ साली अल्बर्टो मार्टिनेझ यांनी आपल्या प्रतिकृतीवर कूलॉमच्या आकड्यांच्या जवळ जाणारे निकाल मिळवल्याचे प्रसिद्ध केले. दोघेही जाणते, दोघांचीही साधने मूळ वर्णनाप्रमाणे, आणि निकाल वेगळे. मला यात कूलॉमच्या लबाडीचा पुरावा दिसत नाही. लिखित वर्णनात जे उतरत नाही, म्हणजे हवेतला दमटपणा, गोळी वाळवण्याची पद्धत, तारेवर आधी किती दिवस वजन लटकवून ठेवले होते, त्याचा प्रभाव दिसतो. मी स्वतः हा प्रयोग तीन वेगवेगळ्या ऋतूंत केला आहे, आणि दमट दिवसात भार इतक्या वेगाने निघून जातो की तिसरी नोंद घेईपर्यंत पहिली नोंद निरर्थक झालेली असते. कूलॉमने तीनच नोंदी का दिल्या, याचे कोडे मला तरी त्या दिवसांनंतर उरले नाही.

गुणोत्तराऐवजी प्रत्यक्ष संख्या हवी असेल, तेव्हा काम कितीतरी पटींनी अवघड होते, कारण तिथे काहीच आपोआप कटत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण जूल.

१८५० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात सहा किलोच्या आसपास पाणी होते. त्यात पितळी वल्ह्यांचे चक्र बसवले होते: फिरणाऱ्या पात्यांचे आठ संच, आणि त्यांच्या मधून मधून भांड्याला जोडलेल्या स्थिर पट्ट्या, म्हणजे पाणी नुसते गोल फिरू नये, घुसळले जावे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची शिशाची वजने दोऱ्यांना लटकत. ती ६३ इंच खाली उतरत आणि उतरताना चक्र फिरवत. उतरली की पुन्हा वर गुंडाळायची, असे वीस वेळा. सगळे मिळून पस्तीस मिनिटे. आणि एवढ्या खटाटोपानंतर पाण्याचे तापमान किती वाढले? फॅरनहाइटच्या अर्ध्या अंशाहून थोडेसे जास्त. सेल्सिअसमध्ये सांगायचे तर एक तृतीयांश अंशही नाही. एवढ्याशा वाढीतून त्याने उष्णतेचे यांत्रिक मूल्य, म्हणजे एक पौंड पाणी एका फॅरनहाइट अंशाने तापवायला लागणारे काम, ७७२ फूट-पौंड असे काढले. आजचे मूल्य सुमारे ७७८ आहे. फरक एक टक्क्याच्याही आत.

इथे तापमापकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर या कारागिराने बनवलेल्या तापमापकांवर जूल फॅरनहाइट अंशाचा दोनशेवा भाग वाचत असे. मोठ्या अचूकपणाचे वाचन म्हणजे अचूक तापमापक नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते. नवी काच अनेक वर्षे सावकाश आक्रसत राहते, फुगा लहान होत जातो आणि बर्फाच्या पाण्यातला पारा दरवर्षी किंचित वर दिसू लागतो. जूलने एकाच तापमापकाचा शून्यबिंदू १८४४ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे तपासत ठेवला, आणि त्या काळात तो जवळपास एक फॅरनहाइट अंशाने सरकलेला आढळला. ज्या प्रयोगात एकूण वाढच अर्ध्या अंशाची, तिथे एका अंशाची ही सरक काय करील ते वेगळे सांगायला नको. पण जूलला हवा होता तापमानातला फरक, आणि तो पाऊण तासाच्या आतला. त्यामुळे शून्य कुठेही असला तरी चालण्यासारखे होते. त्याच्या आकड्यात उरलेली तूट बरीचशी पारा आणि काच यांच्या असमान प्रसरणातून आली होती, आणि १८७९ च्या सुमारास अमेरिकेत हेन्री रोलंड यांनी आपल्या वायु-तापमापकाशी तुलना करून ती उघडी केली.

मला जूलच्या निबंधात सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती मात्र दुसरीच गोष्ट. प्रयोग तळघरात केला, कारण तिथले तापमान दिवसभर जवळपास स्थिर राहते. निरीक्षक आणि भांडे यांच्यामध्ये लाकडी आडोसा उभा केला, म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब पाण्याला लागू नये. आणि प्रत्येक घुसळण्याच्या प्रयोगाला जोडून एक प्रयोग असा केला, ज्यात सगळे तसेच होते, फक्त चक्र फिरवले नाही; तेवढ्याच वेळात खोलीकडून पाण्याला मिळालेली किंवा पाण्याकडून खोलीला गेलेली उष्णता त्यातून कळली आणि ती हिशेबातून वजा केली. १९९० च्या दशकात हाइन्झ ओट्टो सिबुम यांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा नेमकी हीच अडचण समोर आली: वजने वर गुंडाळण्याच्या मेहनतीने माणूस तापतो आणि त्याच्या उबेने खोली तापते. जूल बिअर बनवण्याच्या घरच्या धंद्यात वाढला होता. आंबवण्याच्या कामात तापमानाचे बारीक फरक रोज सांभाळावे लागत, आणि ती सवय त्याला प्रयोगशाळेत उपयोगी पडली, हा सिबुम यांचा निष्कर्ष मला अगदी पटतो.

हीच गोष्ट त्याच्या अर्धशतक आधी हेन्री कॅव्हेंडिशने केली होती. त्याला पृथ्वीची घनता मोजायची होती, आणि त्यासाठीचे उपकरण मुळात जॉन मिचेल यांनी योजलेले. १७९३ साली ते वारले आणि उपकरण फ्रान्सिस वोलॅस्टन यांच्या हातून कॅव्हेंडिशकडे आले. सहा फुटांची हलकी लाकडी काडी तारेने टांगलेली, तिच्या टोकांना दोन-दोन इंचांचे शिशाचे गोळे; त्यांच्याजवळ आणायचे ते प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे. लहान आणि मोठ्या गोळ्यांमधले आकर्षण एका मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाच्या वजनाहूनही कमी भरते. हवेची एक झुळूक त्याहून कितीतरी मोठी. म्हणून काडी लाकडी पेटीत, पेटी बंद खोलीत, आणि कॅव्हेंडिश खोलीबाहेर. मोठे गोळे बाहेरूनच कप्प्यांनी फिरवायचे, भिंतीतल्या भोकांतून दिव्याचा उजेड आत सोडायचा आणि दुर्बिणीतून हस्तिदंती पट्टीवरचा व्हर्नियर, म्हणजे दोन रेषांमधला अंश दाखवणारी छोटी जोडपट्टी, वाचायचा. काडी कधीच पूर्ण स्थिर होत नाही, म्हणून ती थांबण्याची वाट न पाहता झोक्याची टोकाची स्थाने नोंदवून मध्य काढायचा.

मोठे गोळे ज्या सळयांना टांगले होते त्या लोखंडी असल्याने चुंबकत्वाचा परिणाम होत असेल, अशी शंका त्याला आली. त्याने तांब्याच्या सळया बसवल्या. मोठा गोळा आणि पेटी यांच्या तापमानात फरक असेल तर पेटीत हवेचे अभिसरण सुरू होऊन काडी ढकलली जाईल, अशी दुसरी शंका आली. त्याने गोळे मुद्दाम तापवून तो परिणाम खरोखर होतो आणि केवढा होतो हे मोजले. संशयिताला आधी मोकळे सोडून त्याची ताकद पाहायची, मग त्याला बांधून ठेवायचे, ही रीत आजही प्रयोगशाळेत याहून चांगली कुणी शिकवत नाही. १७९८ साली त्याने पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट असे मूल्य प्रसिद्ध केले. गंमत म्हणजे त्याच्या सरासरीत एक साधी बेरजेची चूक होती, जी पुढे फ्रान्सिस बेली यांच्या ध्यानात आली. दुरुस्त केल्यावर आकडा ५.४४८ होतो. आजचे मूल्य ५.५१ आहे. म्हणजे प्रयोग इतका काटेकोर, आणि चूक झाली ती बेरजेत! गुरुत्वीय स्थिरांक त्याने काढला, असे पाठ्यपुस्तकांत लिहितात, पण त्याच्या निबंधात तो स्थिरांक कुठेच नाही. तो पृथ्वीचे वजन करत होता.

आमच्या प्रतिकृतीत काडी दररोज एकाच दिशेला सावकाश सरकत असे. मी पंधरा दिवस तारेला दोष दिला, दोनदा तार बदलली, नवी तार वजन लटकवून आठ दिवस ताणून ठेवली. मग एका सहकाऱ्याने नोंदवहीत पाहून विचारले, की प्रत्येक वेळी सरकणे तुम्ही खोलीत शिरल्यावर दहा-बारा मिनिटांनीच कसे सुरू होते? पट्टी वाचायला मी पेटीच्या ज्या बाजूला उभा राहत असे, त्या बाजूची फळी माझ्या अंगाने तापत होती. कॅव्हेंडिशचा निबंध मी तोवर तीन-चार वेळा वाचलेला होता, आणि तरीही खोलीबाहेर उभे राहण्याचा भाग मला निव्वळ त्याच्या विक्षिप्तपणाचा वाटला होता.

आता व्यवहाराचे. विद्यार्थ्यांबरोबर सुरुवात गॅलिलिओच्या उतारानेच करावी, आणि हातात थांबघड्याळ असले तरी पहिले दोन दिवस ते कुलूपबंद ठेवावे. पाण्याच्या भांड्यातली पातळी प्रयोगभर फार उतरू देऊ नये, नाहीतर धार मंदावते आणि मोठ्या वेळा लहान भासतात. भांडे रुंद तोंडाचे घेतले की ही अडचण बरीच आटोक्यात राहते. बॉईलच्या प्रयोगासाठी पारा मुळीच वापरू नये. टोक बंद केलेली मोठी सिरिंज उभी धरून दट्ट्यावर वजने ठेवत गेले की तेच काम होते. फक्त दट्ट्याचे घर्षण फसवते, म्हणून प्रत्येक वाचन दट्ट्या किंचित दाबून सोडल्यावर एकदा आणि किंचित ओढून सोडल्यावर एकदा घ्यावे आणि दोन्हींचा मध्य धरावा. वजनांच्या दाबात वातावरणाचा दाब मिळवायचा हमखास राहून जातो आणि मग आलेख वेडावाकडा दिसतो. बॉईलच्या तक्त्यात त्या २९ पूर्णांक २/१६ इंचांना पहिल्याच ओळीत जागा का आहे, हे तेव्हा मुलांना नीट कळते.

जूलचा प्रयोग मुळाबरहुकूम करायला तळघर, धीर आणि हजारांश अंश वाचणारा तापमापक लागतो. ते नसेल तर बंद नळीत शिशाच्या गोळ्या घालून ती उलटसुलट करण्याचा जुना वर्गातला प्रयोग करावा. एक मीटर उंचीवरून शंभर वेळा पडल्यावर शिशाचे तापमान गणिताने सात अंशांहून थोडे अधिक वाढायला हवे, कारण शिशाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या मानाने फार कमी आहे. प्रत्यक्षात ते त्याहून कमी भरते; उरलेली उष्णता नळीत, बुचात आणि हातांत कुठे गेली याचा हिशेब मांडायला लावणे हाच खरा अभ्यास. चक्र न फिरवण्याच्या जूलच्या प्रयोगाप्रमाणे इथेही नळी तेवढाच वेळ नुसती हातात धरून एक वाचन घ्यावे. शिसे विषारी आहे, म्हणून नळी पक्की बंद हवी आणि नंतर हात धुवावेत. पिळाचा तराजू शेवटी घ्यावा, आणि त्याला एक अख्खे सत्र द्यावे.

कपाटातल्या पितळी उपकरणांबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे: प्रयोगाला प्रतिकृती वापरावी, मूळ उपकरण नाही. काळवंडलेले पितळ घासून चकाकवण्याचा मोह आवरावा. त्या पृष्ठभागावर बहुतेकदा मूळ कारागिराने दिलेला पातळ लाखेचा थर असतो, आणि अंशांच्या बारीक रेषा चमकवण्याच्या लेपाने झिजतात. एकदा रेषा गेली की ते मोजमापाचे साधन राहत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी आणि तेवढ्यावर थांबावे. उपकरण उघडण्याआधी त्यात पारा आहे का ते पाहावे, आणि असेल तर ते आडवे न करता, मोकळ्या हवेच्या खोलीत, खोल कड असलेल्या थाळीत ठेवावे. जुन्या निर्वात नळ्यांना वीज जोडू नये, कारण त्यांतल्या काहींमधून क्ष-किरण निघतात. छोट्या बाटलीत किंवा शिशाच्या डबीत ठेवलेला, नाव पुसट झालेला नमुना सापडला तर तो किरणोत्सारी असू शकतो. त्याला हात न लावता ज्यांचे ते काम आहे त्यांना कळवावे. लेडन बरणी, म्हणजे काचेच्या बरणीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली ती १७४५-४६ च्या काळातली भार साठवण्याची युक्ती, प्रतिकृती म्हणून बनवणार असाल तर पेल्याएवढीच बनवावी, एकीला दुसरी जोडू नये, आणि काम झाल्यावर विद्युतरोधक मुठीच्या चिमट्याने तिची दोन्ही टोके जोडून ती रिकामी झाली आहे, हे दोनदा पाहावे. पहिल्या वेळेनंतर काचेत मुरलेला थोडा भार हळूहळू परत वर येतो, आणि दुसरा झटका सहसा त्यालाच बसतो ज्याने पहिल्यांदा काळजी घेतलेली असते.